परत आलेलं दूध

"श्वास धर गो, मंग कुंचला टेकव. डोळा पुरा होईस्तोवर सोडू नको. तू हललीस तं देव जन्मभर तिरका बघंल."

सासूबाईंनी, काशीबाईंनी, हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चंद्रावतीच्या हातातला चुडा अजून उतरला नव्हता. आता सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण कुंचला हातात घेतला की तो आवाज मागून यायचाच. पेणजवळच्या जोह्यात घरटी गणपती घडतात. माती कुणीही मळतो, साचा कुणीही भरतो, रंगही कुणीही देतो. देवाचे डोळे काढायचे, त्याला आखणी म्हणतात, त्याला मात्र हात लागतो. दिनानाथच्या कारखान्यात तो हात चंद्रावतीचा होता. सकाळी घरची पूजा आटोपून, तोंडातल्या तोंडात गणपतीचं स्तोत्र म्हणत ती यायची, पाटासमोर मांडी घालायची, उजवं कोपर स्वतःच्या बरगडीला घट्ट दाबून धरायची. कोपर हलायचं नाही, फक्त मनगट. तिच्या तोंडात आणि देवाच्या तोंडात वीतभर अंतर.

त्या वैशाखात ते वीतभर अंतरच तिला सापडेनासं झालं.

कोपर बरगडीपर्यंत पोचत नव्हतं. मध्ये छाती येत होती. पाट लांब सारला तर हात कापायचा, जवळ ओढला तर छाती मूर्तीला लागायची. एका सोमवारी तसंच झालं. डाव्या डोळ्याची रेघ अर्धी झाली होती आणि खाली गणपतीच्या ओल्या सोनेरी पितांबराला तिचा पदर फासला. पितांबर पुसला गेला, पदर सोनेरी झाला. शेजारी सोंडा घासत बसलेली नम्रता खुदकन हसली.

"चंद्रावैनी, देवाचं सोनं चोरून चाललीस काय गो?"

सगळ्याजणी हसल्या. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, पण हसता हसता त्यांच्या नजरा जिथे जाऊन थांबल्या तिथे चंद्रावतीने दोन्ही हात आडवे धरले. दिनानाथ आला, मूर्ती बघितली आणि गेला. दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर हळूच म्हणाला, "थोडे दिवस घरी आराम कर. तुझी जागा कुणाला देत नाय मी. पण बरं वाटेस्तोवर नको येऊस."

ती उठली. उठतानाही भिंतीचा आधार घ्यावा लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती अर्धा डोळा टाकून घरी गेली.

हे कसं सुरू झालं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं सगळे समजत होते. गेल्या भाद्रपदात, विसर्जन होऊन पितृपंधरवडा चालू असताना, देव दूध पितो म्हणून सगळीकडे एकच गलका उठला होता. जोह्यात तर कारखान्या-कारखान्यांत उरलेल्या मूर्तींपुढे बायका वाट्या घेऊन उभ्या. दिनानाथ आपला म्हणत होता, "अगो, कच्च्या शाडूची मूर्ती हाय ती, ताक दिलं तं ताकपण पिईल." पण ऐकतो कोण? चंद्रावतीने घरच्या देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीला चमचा लावला. दूध हलकेच उतरत उतरत संपलं. तिच्या डोळ्यांना धार लागली. लग्नाला नऊ वर्षं झालेली, पाळणा हलला नव्हता. तिने काय मागितलं असेल ते सांगायला नको.

आणि दिवाळी झाली तशी तिची छाती वाढू लागली.

आधी झंपर घट्ट झाला. मग हुक लागेनात. पौषात तिने दोन झंपर उसवून त्यांचा एक शिवला, शिमग्याला तीनांचा एक. शिंप्याकडे माप द्यायला जाण्याची सोयच नव्हती. विहिरीवर पहिली बोलली ती शेजारची इंदुबाई. "दूध हाय ते. देवानं प्यालेलं दूध परत दिलं. आता पोट येईल बघ मागाहून." आणि मग सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द बसला : देणं. चंद्राला देवाचं देणं आलंय. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायकांनी तिची ओटी जरा जास्तच भरली. एकीने तर बाळाचं टोपडंही आणलं.

चंद्रावतीलाही तो शब्द आवडला होता. कुणी काही म्हणो, नऊ वर्षांनी तिच्याबद्दल गावात चांगलं बोललं जात होतं. ती संकष्टी करायची, सोमवार करायची, रोज एकवीस दूर्वा निवडून वाहायची. त्याचंच हे फळ, असं तिला वाटायचं. पण पोट आलं नाही. दर महिन्याला ती चार दिवस देव्हाऱ्यापासून लांब बसायची. फक्त भार वाढत गेला. खांद्यांवर पट्ट्यांच्या जागी काळे खड्डे पडले. उताणं निजलं की जीव गुदमरायचा, म्हणून भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायची. छातीखालची कातडी घामाने सोलवटली, तिथे कडुनिंबाचं पाणी लावलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. विहिरीवर ती आता भर उन्हात जायची, तिथे कुणी नसायचं तेव्हा.

नवरा, जगन, रोह्याच्या कंपनीत कामाला होता. तिथे तिघांत मिळून एक खोली. आधी दर शनिवारी यायचा. त्यालाही देणं पटलं होतं. सुरुवातीला त्याने तिच्यासाठी खारका आणल्या, बदाम आणले. "काय बातमी?" एवढंच विचारायचा. बातमी नाही म्हटल्यावर एका शनिवारी आला नाही, मग दोन. आला तरी ओसरीवर निजायचा. "उकडतंय आत," म्हणायचा.

कारखान्यातून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रावती एकटीच एसटीने पेणला गेली. डॉक्टर लतिकाबाई मोठ्या घराण्यातल्या, पण बोलणं मऊ. त्यांनी दार लावून घेतलं, नीट तपासलं, मग हात धुऊन समोर बसल्या.

"किती दिवस अंगावर काढलंत हे?"

"दिवाळीपासून."

"हे दूध नाही, चंद्रावती. कॅन्सरही नाही, त्याची भीती मनातून काढा. हा एक आजार आहे. हजारोंत एखादीला होतो, का होतो ते आम्हालाही नक्की सांगता येत नाही. तुमच्याकडून काही चुकलं म्हणून झालेला नाही. पण आपोआप ओसरायचा नाही हा. कातडी फाटायला लागली आहे, उद्या जखमा चिघळतील. मुंबईला ऑपरेशन करून जादा भाग काढून टाकावा लागेल."

"मंग दूध?"

बाईंना प्रश्न कळायला क्षणभर लागला. "पुढे मूल झालं तर? मूल व्हायला काही हरकत नाही. पण पाजता येईल असं मी सांगणार नाही. बहुतेक नाही."

त्यांनी मुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली आणि त्या कागदावर नवऱ्याची सही घेऊन या म्हणाल्या. "पंधरा दिवसांच्या आत जा. आणि आदल्या रात्रीपासून पोटात काही जायला नको."

"ते जमंल. मना उपासाची सवय हाय."

बाई हसल्या. चंद्रावतीला हसू आलं नाही. घरी येऊन तिने चिठ्ठी हळदीकुंकवाच्या करंड्याखाली सारली. कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतं कोण? सारं बाजूला सारलं तरी एक गोष्ट हलत नव्हती : देवाने दिलं असेल आणि आपण कापून टाकलं तर? आज ना उद्या मूल झालं, ते तोंड वासून रडलं आणि आपल्याजवळ काहीच नसलं तर? दिवा लावताना रोज ती हेच विचारायची. देव आपला शांत बसून असायचा.

आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी भर दुपारी दारात कुणीतरी हाक मारली.

"दुधाची बाय हितंच ऱ्हाते ना?"

दारात एक म्हातारी उभी होती. काळी, काटकुळी, पायांच्या टाचा मिठाने फुटून पांढऱ्या पडलेल्या. काखेत फडक्यात गुंडाळलेलं मूल, हातात नारळ आणि खण. धोंडुबाई तिचं नाव. खाडीकडच्या मिठागरावर काम करणारी. सून बाळंत होऊन पाचव्या दिवशी गेली. नात बारा दिवसांची, वाटीने वरचं दूध तोंडात घातलं की ओकून टाकते. कुणीतरी सांगितलं, जोह्यात एका बाईला देवाने दुधाचं देणं दिलंय. ती उन्हातून चालत आली होती.

"तुजी ओटी भरते बाय. माज्या नातीला दोन घोट दे. येवडं देवानं दिलंय तुला, त्यातलं दोन घोट."

चंद्रावतीने तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलाही होता. पण फडकं बाजूला झालं आणि आतून एक मूठभर तोंड तिच्याकडे वळलं. तिच्या मनात आलं, हिच्यासाठीच तर ठेवलं नसेल? डॉक्टरीणबाईंना काय ठाऊक देवाच्या मनातलं?

तिने हातपाय धुतले, अंग पुसलं, देव्हाऱ्यात दिवा लावला. भिंतीला पाठ लावून बसली. मांडीवर मूल ठेवायला जागाच नव्हती, म्हणून बाजूला उशी घेऊन तिच्यावर ठेवलं. पोरीने तोंड लावलं आणि ओढलं. चंद्रावतीने डोळे मिटले. येऊ दे. एक थेंब येऊ दे. पोर ओढत राहिली, थांबली, पुन्हा जिवाच्या आकांताने ओढू लागली. मग तोंड सोडून रडली. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

थेंबही नाही.

"येल गो," धोंडुबाई म्हणाली. "पयलटकरणीला येळ लागतो."

"आजी, मी पहिलटकरीण नाय." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी कुणीच नाय."

"मंग ह्ये काय हाय?"

"आजार हाय."

दिवाळीपासून तिच्या तोंडून हा शब्द कधी बाहेर पडला नव्हता. तिला वाटलं, म्हातारी चिडेल, नारळ उचलून चालू लागेल. धोंडुबाई मात्र तिच्याकडे खालपासून वर नीट बघत राहिली, ओझं जोखावं तसं.

"मंग देणं म्हून कुनी सांगतलान?"

"सगळ्यांनी. मीपण."

"मी मिठाची टोपली उचलते," म्हातारी सावकाश म्हणाली, "धा-धा खेपा. पन गंजीवर नेऊन उतरवते तरी. तू खय उतरवतंस गो ह्ये?"

चंद्रावतीचा हात खांद्यावरच्या खड्ड्यापाशी गेला. इतक्या महिन्यांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

पोर रडून रडून निपचित पडत चालली होती. चंद्रावती उठली. शेजारून गाईचं दूध आणलं, पाणी घालून उकळलं, फडक्यातून गाळून कोमट केलं. मुलासाठी म्हणून काशीबाईंनी कधीकाळी घेऊन ठेवलेलं पितळी बोंडलं फळीवर होतं, ते उकळत्या पाण्यात बुडवून काढलं. पोरीला उशीवर तिरकं धरून तिने बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्याला लावली आणि एकच थेंब सोडला. मग थांबली. पोरीने जीभ फिरवली. दुसरा थेंब. कोपर टेकवायला जागा नव्हती तरी मनगट हललं नाही.

"तुमी ओतत होता आजी, म्हणून ओकत होती. एक गिळला की मंग दुसरा."

"तुजा हात बरा चालतो."

"देवांचे डोळे काढते मी. काढायची."

अर्धं बोंडलं पोटात गेलं. पोर ओकली नाही. म्हातारी पदराने नाक पुसत बसली होती. मग तिने नारळ आणि खण पुन्हा पुढे सरकवले.

"नको आजी, मी काय दिलं नाय."

"गप बस. पोटात गेलं ना पोरीच्या?" ओटी भरून झाल्यावर ती जवळ सरकली. "डाक्तर काय बोलला तुला?"

चंद्रावतीने सगळं सांगितलं. चिठ्ठी, मुंबई, सही. पाजता येणार नाही, तेही. धोंडुबाई ऐकत होती.

"माज्या सुनेला लय दूध होतं," ती म्हणाली. "धार लागायची. हाय का ती आता? पोरीला आय पायजे, दूध गाईचं बी चालतं." मग एकदम डोळे बारीक करून म्हणाली, "आन तुज्या उरावर पोर ठेवायला जागा खय हाय? ठेवली तं घरंगळून पार वसरीवर जाईल."

चंद्रावती हसली. पाठ दुखेपर्यंत हसली. म्हातारीही बोळक्या तोंडाने हसत होती.

"बोल, जाशील का नाय? हिच्या पायाला हात लावून बोल."

"लेकराच्या पायाची शपथ नको आजी. नुसतं सांगते. अमावास्येच्या आत जाईन."

"आन बरी जालीस का मिठागरावर येशील. हिला उरावर घेऊन निजवशील येक डाव."

"येईन."

पोरीला पेणला लतिकाबाईंना दाखवायचं कबूल करून म्हातारी निघाली. बोंडलं चंद्रावतीने तिच्या पदराला बांधून दिलं.

दोन दिवसांनी ती गाडीने रोह्याला गेली. वैशाखातल्या उन्हात अंगाभोवती शाल. डब्यात समोरच्या बाकावरच्या दोघी आधी कुजबुजल्या, मग एकीने विचारलं, "थंडी वाजते काय?" चंद्रावतीने मान हलवली आणि नागोठणं जाईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

कंपनीच्या फाटकावर वॉचमनने आत निरोप धाडला. जगन आला तो दोन्ही बाजूंना बघतच. "हितं कशाला आलीस?" म्हणाला आणि चार पावलं पुढे चालू लागला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे त्याचा एक सोबती उभा होता. "कोण रे?" त्याने विचारलं.

"गावची हाय. निरोप घेऊन आलीय."

चंद्रावतीने ऐकलं. झाडाखाली उभं राहून तिने कागद पुढे केला.

जगनने दोनदा वाचला. "कापून टाकनार? आन उद्या पोर जालं तं?"

"त्यात दूध नाय."

"तुला काय म्हाईत?"

"मी एक पोर लावून बघितलं. मिठागरावरची, आई नाय तिला. थेंब आला नाय."

जगन बोटांनी कागदाची कड मुडपत होता. "मना वाटायचं..." म्हणाला. मग खिशातलं पेन काढून गुडघ्यावर कागद ठेवून सही करू लागला. पेन उमटेना. तळहातावर चारदा गिरवून बघितलं तेव्हा कुठे उमटलं.

"मी आलो असतो. पन शिफ्ट..."

"ऱ्हाऊ दे."

"लोकांना काय सांगू?"

"आजारी होती म्हणून सांगा."

त्याने तिला लिंबूसरबत घेऊन दिलं. ते तिने रस्त्याकडे पाठ करून प्यायलं. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. जगन फाटकापर्यंत गेला, थांबला, मागे वळून बघितलंही. सोबती हाक मारत होता, तो आत गेला. चंद्रावतीने कागदाची घडी घातली. परतीच्या गाडीला दोन तास होते. ते तिने फलाटावरच्या नळाशेजारी जप करत काढले. मोजदाद मध्येच चुकली, तर तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

तेरसेच्या सकाळी तिने अंघोळ केली, देवाची पूजा केली, दूर्वा वाहिल्या. देवाजवळ या खेपेला काही मागितलं नाही. फक्त म्हणाली, काही दिवस मी येणार नाही, नम्रता दिवा लावील, तिच्या हाताला सवय नाही, सांभाळून घ्या. किल्ली नम्रताकडे दिली. नम्रताची नजर पिशवीवर गेली. "मी येव का रामवाडीच्या स्टँडपर्यंत?" तिने विचारलं.

"कारखान्यात वेळ होईल तुला."

बाहेर उन्हं नुकती कौलांवर चढत होती. इंदुबाई सडा घालत होती, तिने मान वर करून विचारलं, "एवढ्या सकाळी कुठं गो?"

"सांगितलंय एकीला, जाईन म्हणून," चंद्रावती म्हणाली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि थांबत थांबत, वाटेतल्या प्रत्येक कुंपणाला हात टेकत, ती एसटीच्या थांब्याकडे निघाली.